सुतळीवरच्या दोन गाठी

ठाण्याच्या एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. मोठ्या इंजिनची करवत दाखवली, मोठ्या इंजिनचा सौदा केला आणि लहान इंजिनची करवत दिली. त्यात माझ्या धाकट्या भावाचा पाय गेला. तेवढ्यावर तो माणूस थांबला नाही. भावाचा हात चुकला म्हणून झाड अडकलं, असं त्याने गावभर केलं. माझा भाऊ ते खरं मानून मेला.

मी लिहिणारा माणूस नाही, लाकडाचा माणूस आहे. पण गेली कित्येक वर्षं हे बोलून पाहिलं. ऐकणारे मान हलवतात आणि चहा संपवून उठतात. म्हणून आता लिहितो.

आम्ही दिवा गावाच्या बाजूचे. बाप मिठागरात राबायचा, आम्हीही राबलो. मिठाने पायांच्या भेगा भरत नाहीत, एवढंच मी तिथे शिकलो. मिसरूड फुटलं तसा कल्याणला खाडीवर आलो. तिथे लाकडाच्या वखारी होत्या. मुरबाड-शहापूरकडून गाड्यांतून ओंडके यायचे. ते उतरवायचे, रचायचे, कापायचे. आधी खांद्यावर ओंडके वाहिले, मग करवतीला लागलो. दोन टोकांना दोन मुठी असलेली ती लांब करवत, एकाने ओढायची, मग दुसऱ्याने. दुसऱ्या मुठीला माझा भाऊ.

ज्याने ती करवत ओढली नाही त्याला हे सांगून कळणार नाही, पण त्या पात्यावरून समोरच्या माणसाचं सगळं कळतं. तो उपाशी आहे का, घरून भांडून आलाय का, त्याच्या मनात काही आहे का, सगळं मुठीत येतं. आम्ही दोघं दहा वाक्यं बोलत नसू दिवसात. गरज नव्हती. कल्याणच्या खाडीवर आमच्या जोडीला मागणी होती, आणि ती माझ्यामुळे नव्हती. मी जोरात ओढायचो, घाईत ओढायचो, पातं वाकवायचो. भाऊ ते सांभाळून घ्यायचा. त्याच्या हातात पातं पाण्यासारखं चालायचं. लोक म्हणायचे, थोरल्याचं तोंड चालतं आणि धाकट्याचा हात. मला त्याचा राग येत नसे, कारण ते खरं होतं. तोंडाच्या जोरावर मी ठेके मिळवायचो आणि त्याच्या हाताच्या जोरावर पुरे करायचो. असं करत करत स्वातंत्र्य आलं तेव्हा खाडीवर आमची स्वतःची लहानशी वखार उभी होती.

त्याच्या थोडं आधी दुसरी मोठी लढाई संपली आणि कल्याणच्या लष्करी छावणीतला पसारा विकायला निघाला. तंबू, डबे, लोखंड, मोटारींचे सांगाडे. पुढे त्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, पण सामान त्याआधीपासूनच व्यापाऱ्यांच्या गोदामांत जाऊन पडलं होतं. ठाण्याच्या ज्या शेठविषयी मी लिहितो आहे, त्याचं गोदाम खाडीच्या बाजूला होतं. मराठी बोलणारा, गोरा, कपाळाला गंध, आवाज लोण्यासारखा. त्याच्याकडे पेट्रोलवर चालणाऱ्या दोन करवती आल्या आहेत, असं कानावर आलं.

तोवर मी असली करवत पाहिली नव्हती. हाताच्या लांबीपेक्षा लांब लोखंडी पट्टी, तिच्या कडेने फिरणारी दातांची साखळी, एका टोकाला इंजिन आणि दुसऱ्या टोकाला मूठ. इंजिनकडे एक माणूस, मुठीकडे दुसरा. म्हणजे आमच्याच करवतीसारखी दोघांची. भावाने ती पाहिली आणि पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाला, "दादूस, या आपल्यासाठीच केल्यान."

दोन्ही एकाच कंपनीच्या. टाकी तीच, दांडे तेच, पट्टी लावायची जागा तीच. वरून बघणाऱ्याला जुळी भावंडं वाटावीत. फरक फक्त इंजिनच्या वरच्या भागात, सिलिंडरमध्ये आणि त्यातल्या पिस्टनमध्ये. एकाचं सिलिंडर मोठं, एकाचं लहान. आणि पितळी पाटीवर दोन्हींची ताकद, इतके घोडे अशी, जवळजवळ सारखीच लिहिलेली, असं शेठने बोट ठेवून वाचून दाखवलं.

"बघा ठेकेदार, घोडे दोन्हीत सारखे. मग मोठ्याचं वजन कशाला वाहता? लहान न्या. पेट्रोल कमी पितं, उचलायला हलकं."

"घोडे सारखे असतील तर मोठं इंजिन केलं कशाला त्या लोकांनी? त्यांना लोखंड फुकट मिळतं का?"

"अहो, साहेब लोकांची हौस."

"साहेब लोक हौसेने लोखंड वाहत नाहीत शेठ. वाहायला आम्हाला लावतात."

तो हसला. मी हसलो नाही. त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाच्या पाटीवर नाही, लाकडावर विश्वास ठेवायचा. म्हटलं, दोन्ही मशिनं माझ्या वखारीत आणा, माझ्या लाकडावर चालवून दाखवा, मग बोलू. तुमच्या गोदामात तुम्ही सावरीचा भुसभुशीत ओंडका ठेवला असेल. त्याने कानाला हात लावला. पण मशिनं घेऊन आला.

मी ऐनाचा ओंडका काढला. वाळलेला, गाभा लोखंडासारखा. त्याच्यावर आमच्या करवतीचे दातसुद्धा रडायचे. बातमी पसरली होती, त्यामुळे आजूबाजूचे दोन ठेकेदारही बिड्या ओढत येऊन बसले. शेठबरोबर त्याचा एक माणूस होता, मशिन सुरू करून देणारा.

आधी लहान चाललं. काय आवाज होता त्याचा! खाडीवरचे बगळे उडाले. लाकडाला टेकलं तेव्हा भुश्शाचा फवारा उडाला आणि बसलेले ठेकेदार "वा वा" म्हणाले. पट्टी जशी आत गेली तसा तो आवाज बारीक झाला. अर्धी पट्टी लाकडात बुडाली आणि इंजिन दम लागल्यासारखं करू लागलं. शेठचा माणूस करवत मागे घ्यायचा, आवाज परत चढवायचा, पुन्हा टेकवायचा. कापलं, पण कापता कापता त्याच्या कपाळावर घाम आला.

मग मोठं. त्याचा आवाज जाड आणि संथ. पहिल्या झटक्याला कोणी वा वा केलं नाही. पण पट्टी पूर्ण बुडाली तरी आवाज तोच राहिला, सरकत सरकत ते पार गेलं आणि ओंडक्याचा तुकडा जमिनीवर पडला. एका ठेकेदाराची बिडी अजून संपायची होती.

भाऊ दोन्ही वेळा मुठीकडे होता. मी विचारलं, "काय?"

"ल्हाना नुसता वरडतं. मोठा गप चालतं." मग थोड्या वेळाने, "मोठा हाताला समजतं, दादूस. यो मोठाच घे."

मला तेव्हाच कळलं की पाटीवरचे घोडे कुठे जातात. लहान इंजिनचे घोडे पळण्यात असतात. ते जोरात फिरतं तोवर त्याची ताकद मोठ्याच्या बरोबरीची. लाकडाने त्याला अडवलं, वेग पडला, की ताकदही पडली. टांग्याचं तट्टू पळतं छान, पण चढावर दगड भरलेली गाडी त्याला जुंपून बघा. मोठ्या इंजिनचा वेग पडला तरी त्याच्या पोटात ताकद शिल्लक राहते, बैलासारखी. आणि मला लांब पट्टी हवी होती, जाड झाडांसाठी. लांब पट्टी लाकडात बुडाली की तिला बैलच लागतो. हे मला कोणी शिकवलं नाही. ऐनाच्या ओंडक्याने शिकवलं.

तरीही मी नुसत्या चालवण्यावर राहिलो नाही. शेठच्या माणसाला म्हटलं, दोन्हींचं सिलिंडर उचल, मला आतला पिस्टन बघायचाय. शेठ वैतागला. "अहो, हे मशिन आहे, म्हैस नव्हे, दात बघायला." मी म्हटलं, मी म्हशीचेही बघतो. बोल्ट निघाले, सिलिंडर वर आलं. मी कमरेची सुतळी काढली. आम्ही लाकडाची लपेट सुतळीने मोजतो. ओंडक्याभोवती सुतळी फिरवायची, जिथे टोक मिळेल तिथे गाठ मारायची. मी लहान पिस्टनभोवती सुतळी फिरवली आणि गाठ मारली. त्याच सुतळीवर, त्याच टोकापासून, मोठ्या पिस्टनची लपेट घेतली आणि पुढे दुसरी गाठ मारली. दोन गाठींमध्ये माझा अंगठा आडवा बसत होता. ठेकेदार खो खो हसले. एक म्हणाला, "आता याचे घनफूट काढ आणि लिलावात लाव." मीही हसलो तेव्हा. सुतळी गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवली.

मग भाव. तिथे ते दोन ठेकेदार बसलेले. मी कितीला घेतो हे त्यांना कळलं तर उद्या तेही शेठच्या दारात, आणि माझा फायदा गेला. म्हणून आमच्यात चालतं तसं मी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि शेठच्या हातावर टाकलं. कापडाखाली हात धरायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडातून काही नाही. ठेकेदारांनी तोंडं वाकडी केली. त्यांनाही कळलं की त्यांच्यासाठीच कापड पडलं आहे.

"हा," शेठ म्हणाला.

"नाही. हा."

"ठेकेदार, बोटं आहेत की सांडशी?"

"सांडशीच आहे. मी सोडत नाही."

"मग माझा हातच ठेवून घ्या."

"हात नको शेठ, मशिन द्या. मोठं."

"मोठं, मोठं. किती वेळा सांगाल." तो बोटं सोडवू पाहत होता. मी धरून बसलो. घाम सुटला दोघांना. शेवटी त्याने माझं बोट दाबून मान तुकवली. "घ्या. तुम्ही जिंकलात. एवढी बोटं आयुष्यात कोणी पिळली नव्हती माझी."

तोंडाने जे बोलणं झालं ते एवढंच, आणि ते सगळ्यांसमोर झालं. मोठं, मोठं.

सौदा झाला की लाकडाच्या धंद्यात माल लगेच आपल्या खुणेचा करतात. ओंडक्याच्या तोंडावर घाव घालून खूण पाडली की तो तुमचा. मग तो आठवडाभर दुसऱ्याच्या आवारात पडला तरी त्याला कोणी हात लावत नाही. खूण बघायची आणि उचलायचा, पुन्हा मोजायची रीत नाही. मीही तेच केलं. छिन्नी घेतली आणि मोठ्या मशिनच्या दांड्यावर, टाकीच्या खालच्या अंगाला, माझी खूण पाडली. शेठ म्हणाला, "साफ करतो, तेल घालतो, साखळीला धार लावून पाठवतो. नवी नवरी पाठवतात तशी पाठवतो." मी हो म्हटलं.

मशिन आलं लॉरीतून. दांड्यावर माझी खूण. मी बोटाने ती चाचपली आणि उतरवून घेतलं.

ओंडक्याचं वरचं अर्धं काढून त्यावर दुसरं अर्धं बसवता येत नाही. मशिनचं येतं. माझ्या धंद्यातल्या कोणाला हे सुचलं असतं, ते मला दाखवा.

पुढचे काही महिने काहीच कळलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो, कारण मला विचारतात की इतके दिवस चालवलं तेव्हा का नाही कळलं? कारण कामं सगळी बारीक लाकडाची होती. खांबाची, वाशाची झाडं. पट्टीचा पाव भाग लाकडात जाई. तिथे दोन्ही इंजिनं सारखीच चालतात. तट्टूही सपाटीवर बैलाच्या पुढे जातं.

या दिवसांत भावाने एक वेगळंच काम केलं. आयुष्यभर त्याने करवत ओढली होती. मशिनच्या करवतीला मुठीकडच्या माणसाने ओढायचं नसतं. कापायचं काम साखळी करते. मुठीवाल्याने फक्त पट्टी समतल धरायची आणि झाडाबरोबर पुढे न्यायची. ओढली तर पट्टी तिरपी होते आणि इंजिनवर ताण येतो. पहिल्या दिवशी त्याचा हात सवयीने मागे गेला. संध्याकाळी घरी त्याने काठोकाठ पाण्याने भरलेला तांब्या हातात धरला आणि अंगणात चालायला लागला. आय म्हणाली, "याला काय जाला रं?" मी म्हटलं, हात शिकवतोय. त्याची बायको दारात उभी राहून हसत होती. आठवड्याभरात त्याच्या हातातली ओढ गेली. पाण्याचा थेंब सांडत नव्हता. हे मी पाहिलं आहे, आयने पाहिलं आहे, त्याच्या बायकोने पाहिलं आहे.

मग ठाण्याचं काम आलं. घोडबंदर रस्त्याच्या कडेला तेव्हा रान आणि मधून मधून शेतं होती, आणि कारखान्यांसाठी जागा घेतल्या जात होत्या. अशाच एका जागेवर चिंचेची जुनी झाडं होती. पाया खणायच्या आधी ती पाडून हवी होती. दोन माणसांनी मिठी मारावी लागेल असे बुंधे. याच कामासाठी मी मोठं मशिन घेतलं होतं. ठेका मिळवताना मी छाती ठोकून सांगितलं होतं की माझ्याकडे जे इंजिन आहे ते या जिल्ह्यात कोणाकडे नाही.

पहिली झाडं लहान होती, ती पडली. मग मोठी चिंच. रस्त्याच्या उलट बाजूला थोडी कललेली. दिवस वर आला होता. ज्या बाजूला पाडायची त्या बाजूला आम्ही कुऱ्हाडीने खाच घेतली. मग मागून करवत लावली. मी इंजिनकडे, भाऊ मुठीकडे. आमची दोन माणसं पाचरी आणि घण घेऊन बाजूला.

पट्टी आत शिरली. पाव, अर्धी. मग पूर्ण बुडाली, आणि मला तो आवाज आला. बारीक. ऐनाच्या ओंडक्यावर लहान इंजिनने काढला होता तोच आवाज.

भावाने झाडाच्या पलीकडून माझ्याकडे पाहिलं. त्यालाही कळलं. तो ओरडला, "दादूस, यो त्यो नाय!"

मी वेग चढवला. इंजिन ओरडलं आणि खाली बसलं. पुन्हा चढवला. साखळी थांबली. इंजिन बंद पडलं. आणि त्या शांततेत मला लाकडाची कुरकुर ऐकू आली. झाड अर्धं कापलेलं, वजन पुढे, मध्ये माझी पट्टी. दोरी ओढून इंजिन चालू केलं, साखळी हलेना. झाड तिच्यावर बसलं होतं.

जे इंजिन मी निवडलं होतं ते एका दमात पार गेलं असतं. झाड आपल्या वाटेने पडलं असतं आणि आम्ही जेवायला बसलो असतो. कललेलं झाड अर्धं कापून थांबायचं नसतं, हे प्रत्येक लाकूडतोड्याला ठाऊक असतं. थांबलं की तो बुंधा स्वतःचं ऐकतो, तुमचं नाही.

तसं सोडून जाता येत नव्हतं. अर्धं कापलेलं झाड कुठेही वळून पडू शकतं, आणि पलीकडे रस्ता होता, बैलगाड्या जात होत्या. भावाने माणसाच्या हातातून घण घेतला. म्हणाला, "तुमी मागं व्हा," आणि पाचर ठोकायला लागला. पाचर बसली. मला वाटलं, निघेल. तेवढ्यात बुंधा उभा चिरला. खालून वर, कापड फाडावं तसा. मागचा अर्धा भाग माणसाच्या उंचीच्या वर उसळला आणि झाडासकट खाली आला. भाऊ मागे उडी मारत होता. एक पाय आला, एक राहिला.

त्या दुपारचं मी यापुढे काही लिहिणार नाही. लॉरीत घालून ठाण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून काढला. शुद्धीवर आल्यावर तो पाय नाही हे त्याने पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "मी तानली नाय, दादूस. मी करवत तानली नाय."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

वखारीत आल्यावर मी मशिन बाकावर ठेवलं. दांड्यावर माझी खूण होतीच. बोल्ट काढले, सिलिंडर उचललं आणि बंडीच्या खिशातून सुतळी काढली. टोक पिस्टनवर धरलं आणि भोवती फिरवलं. सुतळी पहिल्या गाठीवर येऊन मिळाली. पहिल्या. दुसरी गाठ पुढे लोंबत राहिली.

मी सुतळी, सिलिंडर आणि पिस्टन पोत्यात घालून शेठच्या गोदामात गेलो. तो गादीवर बसला होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी सगळं त्याच्यासमोर टाकलं आणि जे तोंडाला येईल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं. मग लोण्यासारख्या आवाजात म्हणाला:

"ठेकेदार, कापडाखाली तुम्ही माझी बोटं कितीवर आणलीत आठवतं? त्या भावात लहानच येतं. मोठ्याचं सिलिंडर पिस्टनसकट नाशिककडच्या माणसाने नीट भावाने नेलं. तुम्ही भाव पाडला, मी माल पाडला. हिशेब सरळ."

"मग तोंडाने नाही म्हणायचं होतं! मी मोठं म्हणालो, तुम्ही मोठं म्हणालात!"

"मी म्हणालो? कोणी ऐकलं?"

"दोन ठेकेदार बसले होते."

"विचारा त्यांना."

मी विचारलं. एक म्हणाला, कापडाखाली काय ठरलं ते आम्हाला काय दिसतंय. दुसरा म्हणाला, तू आमच्यापासून लपवलंस, आता आम्हालाच साक्षीला बोलावतोस होय? फौजदाराकडे गेलो. त्याने पावती मागितली. अशा सौद्याची पावती कोणी करत नाही. मी सुतळी दाखवली. त्याने ती दोन बोटांत धरून शिपायाला दाखवली आणि दोघं हसले. शेठला बोलावलं तेव्हा शेठ आरामात आला, बसला, चहा प्याला आणि म्हणाला, मशिन तेच आहे, दांड्यावर यांची स्वतःची खूण आहे, बघा. मशिन उत्तम आहे. मिठागरातल्या माणसाला हातकरवतीची सवय, त्याने मूठ ओढली, पट्टी तिरपी झाली, इंजिन बसलं. वाईट झालं बिचाऱ्याचं.

हे "बिचाऱ्याचं" तो पुढे सगळीकडे म्हणत राहिला. खाडीवर, ठाण्याच्या बाजारात, लिलावात. लोकांना ते पटलं, कारण ते सोपं होतं. मशिनमधलं कोणाला कळत नव्हतं, पण सवयीने हात ओढला जातो हे सगळ्यांना कळत होतं. ज्या हाताचं खाडीवर नाव होतं, त्याच हाताने झाड अडकवलं, यात लोकांना एक प्रकारची मजाही वाटत असावी.

भाऊ वखारीत येऊन बसायचा. काठीवर. हातकरवतींचे दात कानशीने घासून धार लावायचा, आणि चांगली लावायचा. मशिनला मी हात लावू दिला नाही कोणाला. ते भंगारात घातलं, फक्त सिलिंडर आणि पिस्टन ठेवला. मी त्याला सुतळी दाखवली, पहिल्याच आठवड्यात. पिस्टनवर फिरवून दाखवली. त्याने दोन्ही गाठी बोटाने चाचपल्या. शेठ गोदामात काय बोलला तेही सांगितलं, शब्द न् शब्द.

तो म्हणाला, "तू माजा दादूस. तू आसाच बोलशील."

"मी खोटं बोलतो?"

"तसा नाय. पन तू माजा दादूस हास."

कधी कधी मी वखारीच्या मागे गेलो तर तो एकटा बसून रिकामा तांब्या हातात धरून असायचा. हात पुढे धरून बघत असायचा, थरथरतो का. मला पाहिलं की तांब्या खाली ठेवायचा. पुढे एका पावसाळ्यात तापाने गेला. जाताना बायकोजवळ पुन्हा तेच बोलला, मी तानली नाय. पण या वेळी ते सांगणं नव्हतं, विचारणं होतं. आणि विचारत होता ते तिला नाही, मला नाही. आमचं उत्तर त्याने कधीच धरलं नाही. ते ज्याच्या तोंडून यायला हवं होतं तो ठाण्यात आपल्या गादीवर बसला होता.

तो अजून आहे. आता गोदाम मोठं झालंय, मुलगे बघतात. नव्या करवती विकतो, एका माणसाला उचलता येतील अशा. पाटीवर इंजिन किती आणि ताकद किती हे गिऱ्हाइकांना समजावून सांगतो म्हणे. मोठं काम असेल तर मोठंच घ्या, असं सांगतो. माझ्या कानावर आलं आहे.

शेठ, मी तुमच्याकडे पैसे मागत नाही. मशिन मागत नाही. पायही मागत नाही, तो तुम्ही देऊ शकत नाही. सिलिंडर, पिस्टन आणि सुतळी माझ्या वखारीत खुंटीला टांगलेली आहेत, दोन्ही गाठींसकट. भावाची बायको आहे, तिचे दोन मुलगे आता करवतीवर आहेत. ते दोन ठेकेदारही जिवंत आहेत. गोदामात कोणी नसताना तुम्ही मला जे सांगितलंत, ते या सगळ्यांसमोर सांगा. कुठलं इंजिन तुम्ही काढलंत आणि कुठलं बसवलंत ते सांगा. आणि त्या दिवशी कोणाचा हात चुकला नव्हता, हे त्या पोरांच्या तोंडाकडे बघून सांगा. वखार खाडीवर तिथेच आहे. तुम्हाला रस्ता माहीत आहे. या, आणि उत्तर द्या.